नाथ पैंना मूळ पानांवर वाचताना : एका ग्रंथालयाच्या संसदीय विभागाचे परीक्षण

बॅरिस्टर नाथ पै यांच्या वक्तृत्वाविषयी कोकणात आजही आदराने बोलले जाते; परंतु ते लोकसभेत नेमके कोणत्या विषयावर बोलले, कोणत्या मंत्र्याला कशावरून अडवले आणि त्यांना काय उत्तर मिळाले, हे विचारले तर बहुतेकांना एखाददुसऱ्या ऐकीव आठवणीपलीकडे काही सांगता येत नाही. मलाही येत नव्हते. गेल्या वर्षी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या एका वक्तृत्व शिबिरात त्यांच्यावर व्याख्यान देण्याचे मी मान्य केले, तेव्हा माझ्याजवळ काही गौरवलेख आणि भाषणांतून निवडलेले उतारे एवढीच सामग्री होती. एवढ्यावर बोलणे मला प्रामाणिकपणाचे वाटेना. म्हणून एका जुन्या ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात लोकसभेच्या वादविवादांचे बांधीव खंड आहेत असे कळल्यावर मी तेथे जाऊ लागलो, आणि सुमारे चार महिने आठवड्यातून दोन दिवस तेथे बसून वाचत राहिलो. या विभागाची सेवा कशी आहे, संसदेतील एखाद्या प्रतिनिधीचे काम समजून घेऊ पाहणाऱ्या वाचकाला ती कितपत उपयोगी पडते आणि ती कोठे कमी पडते, हे सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे. ग्रंथालयाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे ज्या उणिवा सांगणार आहे त्यांचा दोष तेथे तुटपुंज्या साधनांत काम करणाऱ्या माणसांच्या माथी जावा असे मला वाटत नाही.

प्रथम व्यवस्थेविषयी. विभाग पहिल्या मजल्यावर आहे, खंड बंद कपाटांत आहेत आणि मागणी चिठ्ठी भरून दिल्यावर ते आणून दिले जातात. एका वेळी चार खंड मिळतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा येणार असल्यास तेच खंड बाजूला ठेवण्याची सोय आहे, आणि ही साधी सोय किती मोलाची आहे हे दीर्घकाळ वाचन करणाऱ्यालाच कळेल. मी पहिल्या दिवशी चिठ्ठीवर ‘नाथ पै यांची परराष्ट्र धोरणावरील भाषणे’ असे लिहिले होते. तेथील ग्रंथपाल बाईंनी ती वाचून शांतपणे परत दिली आणि म्हणाल्या, “सर, विषय नको, तारीख लिहा. तारीख कळली की खंड दोन मिनिटांत काढून देते.” त्या वेळी मला ते थोडे तुटक वाटले, नंतर कळले की या खंडांची सारी रचनाच तारखेवर उभी आहे आणि बाईंनी एका वाक्यात मला ती समजावून दिली होती.

ही रचना थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण ती माहीत नसल्यास हे खंड उघडणाऱ्याचा पहिला आठवडा वाया जातो. प्रत्येक लोकसभेची एक स्वतंत्र मालिका असते. नाथ पै १९५७, १९६२ आणि १९६७ या तिन्ही निवडणुकांत राजापूर मतदारसंघातून निवडून आले, म्हणजे त्यांचे काम दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या मालिकेत विखुरलेले आहे. जुन्या खंडांत पानाचे दोन स्तंभ असतात आणि क्रमांक पानाला नसून स्तंभाला असतो. स्तंभाच्या माथ्यावर एकीकडे इंग्रजी तारीख आणि दुसरीकडे शक संवत्सराची तिथी छापलेली असते. मजकुराच्या कडेला अधूनमधून घड्याळाची वेळ येते, त्यामुळे एखादी चर्चा जेवणाच्या सुटीपूर्वी तापली की संध्याकाळी रेंगाळली हेही समजते. तोंडी उत्तर मिळालेल्या तारांकित प्रश्नावर अनेक सदस्यांची नावे असली, तर ज्याने तो प्रत्यक्ष सभागृहात विचारला त्याच्या नावावर अधिकचे चिन्ह असते. हे चिन्ह मला फार महत्त्वाचे वाटले. एका प्रश्नाखाली आठ-दहा नावे असू शकतात, पण उभे राहून विचारणारा आणि त्यानंतर उपप्रश्नांनी मंत्र्याला पुन्हा पुन्हा मूळ मुद्द्यावर आणणारा एखाददुसराच असतो.

आजकाल खासदाराच्या कामाचे मोजमाप उपस्थितीची टक्केवारी, विचारलेल्या प्रश्नांची संख्या आणि भाग घेतलेल्या चर्चांची संख्या यांवरून केले जाते. असे आकडे अजिबात निरुपयोगी आहेत असे मी म्हणणार नाही. जो सभागृहात येतच नाही त्याची गैरहजेरी त्यांतून उघड होते. परंतु प्रश्नाच्या यादीत नाव असणे आणि तो प्रश्न लढवणे यांत जे अंतर आहे, ते आकड्यात उतरत नाही. मूळ खंडाच्या पानावर ते अंतर डोळ्यांना दिसते. मंत्र्याचे पहिले उत्तर, त्यातील पळवाट, ती पकडणारा उपप्रश्न, अध्यक्षांनी दिलेली समज, कंसातला ‘व्यत्यय’ हा शब्द आणि त्यानंतर आलेले थोडे अधिक खरे उत्तर हे सर्व एकाखाली एक छापलेले असते. निवडक भाषणांच्या उताऱ्यात नेमका हाच भाग गाळला जातो. तेथे वक्ता एकटाच उभा असतो. संसदेत मात्र कोणीही एकटा बोलत नाही, आणि म्हणूनच प्रतिनिधीची कसोटी त्याच्या भाषणाइतकीच त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या पानावर लागते असे माझे ठाम मत झाले आहे. या विभागाच्या सेवेकडेही मी याच दृष्टीने पाहिले : ती वाचकाला आधीच्या आणि नंतरच्या पानापर्यंत पोहोचवते का?

परराष्ट्र व्यवहारावरील चर्चांच्या बाबतीत ती निश्चितपणे पोहोचवते. १९५७ पासून १९६४ पर्यंत पंतप्रधान नेहरूच परराष्ट्रमंत्री होते, त्यामुळे प्रजा समाजवादी पक्षाच्या या तरुण सदस्याला गोव्यावर किंवा चीनवर बोलताना समोर खुद्द नेहरूंना तोंड द्यावे लागे. निवडून आले तेव्हा नाथ पै पस्तिशीच्या आत होते. वेंगुर्ल्याला २५ सप्टेंबर १९२२ रोजी त्यांचा जन्म झाला होता. गोव्याचा प्रश्न त्यांनी सभागृहात लावून धरला, हे आपण सर्वांनी ऐकलेले असते; पण वेंगुर्ल्याहून गोव्याची हद्द किती जवळ आहे हे जाणणाऱ्या वाचकाला त्या चिकाटीमागचे कारण वेगळे सांगावे लागत नाही. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. त्या तारखेकडून मागे मागे जात एकेका अधिवेशनाचे खंड मागवले, तर एक प्रश्न किती वर्षे, किती निरनिराळ्या संसदीय मार्गांनी जिवंत ठेवावा लागतो हे लक्षात येते. कधी तो तारांकित प्रश्न असतो, कधी लक्षवेधी सूचना, कधी स्थगन प्रस्तावाची नाकारली गेलेली मागणी, तर कधी राष्ट्रपतींच्या अभिभाषणावरील चर्चेतला एक परिच्छेद. असे मागे जाण्यासाठी एकाच वेळी चार खंड टेबलावर उघडे असणे गरजेचे असते, आणि येथे ते मिळतात.

या विभागाची खरी परीक्षा मात्र नाथ पैंच्या घटनादुरुस्ती विधेयकाचा माग काढताना झाली. तो विषय थोडक्यात आटोपता येण्यासारखा नाही. २७ फेब्रुवारी १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायमूर्तींच्या पीठाने गोलकनाथ खटल्यात सहा विरुद्ध पाच अशा बहुमताने निर्णय दिला की, मूलभूत हक्कांचा संकोच करणारी घटनादुरुस्ती करण्याचा अधिकार संसदेला यापुढे नाही. १९५१ चा शंकरी प्रसाद आणि १९६५ चा सज्जन सिंग या खटल्यांत न्यायालयाने याच्या उलट भूमिका घेतली होती. निकालानंतर सहा आठवड्यांच्या आत, शुक्रवार ७ एप्रिल १९६७ रोजी, नाथ पैंनी अनुच्छेद ३६८ मध्ये दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले. घटनेतील कोणतीही तरतूद, मूलभूत हक्कांच्या भागासह, दुरुस्त करण्याचा संसदेचा अधिकार त्यात स्पष्ट शब्दांत सांगितलेला होता. सरकारने नव्हे, तर विरोधी बाकावरील एका सदस्याने हे पाऊल उचलले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. आपल्याच विरोधकांच्या हाती बहुमत असलेल्या संसदेचा अधिकार वाढावा म्हणून हा माणूस झगडत होता.

अशासकीय विधेयकांना, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्यांनी मांडलेल्या विधेयकांना, शुक्रवारच्या कामकाजातील अखेरचे अडीच तास मिळतात, आणि तेही एका आठवड्यात विधेयके तर दुसऱ्या आठवड्यात ठराव अशा पाळीने. म्हणजे एखाद्या सदस्याचे भाषण अर्ध्यावर थांबते आणि पंधरा दिवसांनी, कधी कधी पुढच्या अधिवेशनात, पुढे सुरू होते. नाथ पैंचे विधेयक संयुक्त समितीकडे गेले, परत आले, त्यावर पुन्हा चर्चा होत राहिली आणि २७ डिसेंबर १९७० रोजी चौथी लोकसभा विसर्जित झाली तेव्हा ते आपोआप बारगळले. जवळजवळ पावणेचार वर्षांचा हा प्रवास सुटा सुटा असा अनेक खंडांत पडलेला आहे. त्याला एकत्र बांधणारी गोष्ट म्हणजे सूची, आणि नेमक्या तिथेच ही सेवा लंगडी पडते. या ग्रंथालयात चौथ्या मालिकेच्या सूचीचे खंड जवळपास नाहीतच. जे आहेत त्यांपैकी एकाची शेवटची पाने गळून गेली आहेत. १९६८ च्या पावसाळी अधिवेशनातील एक खंड दाखल नोंदवहीत आहे, पण कपाटात नाही. तो कधीपासून नाही, बांधणीला गेला की हरवला, याची नोंद कोठेही सापडली नाही. मी तीन वेळा लेखी चिठ्ठी दिली आणि तीन वेळा ‘उपलब्ध नाही’ असा शिक्का मारून ती परत आली.

या अडचणीवर दोन मार्ग निघाले. पहिला मार्ग ग्रंथपाल बाईंचाच होता. १९६७ ते १९७० या काळातील सर्व शुक्रवारांची एक यादी करून त्यांनी मला दिली आणि प्रत्येक खंडाच्या आरंभी असलेली अनुक्रमणिका त्या तारखांपुरती तपासायला सांगितली. काम कष्टाचे होते, पण चार दिवसांत बहुतेक सर्व जागा सापडल्या. सेवा म्हणजे काय, याचे याहून चांगले उदाहरण मला देता येणार नाही. वाचकाला हवे ते पान हातात ठेवण्याऐवजी त्यांनी मला ते पान शोधण्याची रीत दिली. दुसरा मार्ग संसदेच्या डिजिटल ग्रंथालयाचा. लोकसभेचे जुने वादविवाद आता तेथे कोणालाही विनामूल्य वाचता येतात आणि तारखेप्रमाणे शोधता येतात. गहाळ खंडातला मजकूर मी तेथेच वाचला. मग कपाटातल्या जुन्या खंडांची गरज काय, असा प्रश्न येथे रास्तपणे विचारला जाईल. माझा अनुभव असा की, तारीख ठाऊक असेल तर पडद्यावर वाचणे सोपे आणि जलद असते. पण काय शोधायचे हेच ठाऊक नसेल, तेव्हा पाने उलटत जाणे याला पर्याय नाही. एका शुक्रवारी नाथ पैंचे विधेयक शोधताना आदल्या दिवशीच्या पानांवर ओझरती नजर जाते, दुष्काळावरची किंवा रेल्वेवरची चर्चा दिसते आणि त्या आठवड्यात सभागृहाच्या डोक्यावर कशाचे ओझे होते ते कळते.

विधेयकावरील चर्चा वाचून माझे नाथ पैंशी पूर्ण एकमत झाले का? झाले नाही, आणि हे मी पुरेशा आदराने नमूद करतो. जनतेने निवडलेल्या संसदेला घटना दुरुस्त करण्याचा अधिकार नाकारला, तर सामाजिक बदलाचा वैध मार्ग बंद होतो, ही त्यांची भूमिका तर्काला धरून होती आणि लोकशाहीवरील निष्ठेतून आलेली होती. परंतु एखादे बेलगाम बहुमत उद्या याच अधिकाराने नागरिकांचे हक्क काढून घेईल, ही त्यांच्या विरोधकांची भीतीही पोकळ नव्हती, हे आणीबाणीनंतर आपल्याला कळले. १९७१ मध्ये २४ व्या घटनादुरुस्तीने सरकारने तेच साधले ज्यासाठी नाथ पैंनी विधेयक आणले होते. ४ ऑगस्ट १९७१ रोजी ती लोकसभेत संमत झाली. पुढे २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात १३ न्यायमूर्तींच्या पीठाने सात विरुद्ध सहा मतांनी मधला मार्ग काढला : संसद कोणताही भाग दुरुस्त करू शकेल, पण घटनेची मूलभूत चौकट मोडू शकणार नाही. हा पुढचा इतिहास मनात ठेवून १९६७ ते १९७० ची पाने वाचताना जाणवते की, नंतर न्यायालयात गाजलेल्या वादातील दोन्ही बाजू आधी सभागृहात, शुक्रवारच्या उतरत्या दुपारी, मांडल्या जात होत्या. केवळ नाथ पैंचे भाषण वाचणाऱ्याला त्यांची बाजू कळेल. सगळी चर्चा वाचणाऱ्याला प्रश्न कळतो.

आणखी एक गोष्ट येथे सांगणे आवश्यक वाटते. १९५२ पासून आजपर्यंत केवळ १४ अशासकीय विधेयकांचे कायदे झाले, आणि त्यांतला शेवटचा १९७० मधला आहे. एवढ्यावरून अशासकीय विधेयक मांडणे हा निष्फळ उद्योग आहे असा निष्कर्ष काढला जातो. नाथ पैंचे विधेयक त्या १४ मध्ये नाही. तरीही त्याने राष्ट्रीय महत्त्वाचा एक प्रश्न जवळजवळ चार वर्षे सभागृहासमोर ठेवला. त्या १४ कायद्यांपैकी एक फिरोज गांधी यांच्या प्रयत्नातून १९५६ मध्ये झालेला आहे; संसदेच्या कामकाजाचा खरा वृत्तांत छापणाऱ्या वृत्तपत्रांना त्याने संरक्षण दिले होते. आणीबाणीत तो रद्द करण्यात आला आणि १९७७ मध्ये पुन्हा आणला गेला. संसदेत काय बोलले गेले हे नागरिकाला वाचता येणे किती नाजूक धाग्यावर अवलंबून असते, याची जाणीव या एका कायद्याच्या चरित्रातून होते.

नाथ पैंनंतर राजापूरने १९७१ पासून सलग पाच वेळा प्रा. मधु दंडवते यांना लोकसभेत पाठवले. व्याख्यानाच्या विषयात ते नव्हते. पण एकच मतदारसंघ आणि दोन वेगळ्या प्रकृतीचे संसदपटू यांची तुलना करण्याचा मोह मला आवरला नाही, आणि पाचव्या मालिकेचे काही खंड मागवले. तेथे मला जे आढळले ते मी कोणत्याही निवडक भाषणसंग्रहात वाचू शकलो नसतो. २६ जून १९७५ रोजी दंडवत्यांना बंगळूरमध्ये अटक झाली. जुलैमध्ये संसदेचे अधिवेशन भरले, तेव्हा प्रश्नोत्तराचा तास, लक्षवेधी सूचना आणि अशासकीय कामकाज स्थगित ठेवण्याचा प्रस्ताव मंजूर झाला आणि आणीबाणीला मान्यता देण्यात आली. त्या अधिवेशनाचा खंड हातात घेतला की आरंभीची शेकडो प्रश्नोत्तरांची पाने नाहीत हे लगेच लक्षात येते. राजापूरच्या मतदारांचा प्रतिनिधी तुरुंगात होता, त्यामुळे त्याचे नावही त्या चर्चेत नाही. भाषणांच्या संग्रहात जे बोलले गेले तेच असते. कोणाला बोलता आले नाही हे केवळ मूळ खंडाच्या पातळ झालेल्या कण्यावरून समजते. त्या दुपारी मी पुढे काही वाचू शकलो नाही.

त्यानंतर १९७७ ते १९७९ या काळात दंडवते रेल्वेमंत्री म्हणून उत्तरे देणाऱ्या बाकावर बसलेले दिसतात. दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातील लाकडी फळ्यांवर दोन इंचांचा फोम घालण्याचा त्यांचा निर्णय आजही प्रवाशांच्या आठवणीत आहे. आयुष्यभर प्रश्न विचारलेल्या माणसाला उत्तर देताना वाचणे बोधप्रद आहे, आणि नाथ पैंना ही संधी कधी मिळाली नाही याची हळहळही वाटते. कोकण रेल्वेचा विषय या दोघांच्याही संसदीय कामात आहे. कोकण रेल्वे महामंडळ १९९० मध्ये स्थापन झाले आणि संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी राष्ट्राला अर्पण करण्यात आला. आपल्या मतदारसंघाची मागणी राष्ट्रीय वाहतुकीच्या प्रश्नाच्या रूपात मांडणे हे कौशल्य आहे, आणि रेल्वे अंदाजपत्रकावरील जुन्या चर्चा वाचल्यावर ते कौशल्य एका दिवसात येत नाही हे समजते.

भाषेच्या बाबतीत एक खंत आहे, आणि तिचे उत्तर एका ग्रंथालयाच्या हातात नाही. संसदेचे कामकाज हिंदी किंवा इंग्रजीत चालते. सदस्याला मातृभाषेत बोलायचे असल्यास पीठासीन अधिकाऱ्याची अनुमती लागते. ऑगस्ट १९६३ मध्ये आचार्य कृपलानी यांनी मांडलेल्या पहिल्या अविश्वास ठरावावरील चर्चेत डॉ. राममनोहर लोहिया हिंदीत बोलले. सामान्य माणसाच्या दिवसाच्या तीन आण्यांच्या मिळकतीवरून जो वाद त्यांनी उभा केला, तो देवनागरीत छापलेला वाचताना मराठी वाचकाला अडखळायला होत नाही. नाथ पै इंग्रजीत बोलत, आणि त्यांची वाक्ये लांब, संदर्भांनी भरलेली असत. ज्या मच्छीमाराने, शेतकऱ्याने किंवा मुंबईच्या गिरणीतून गावी मनिऑर्डर पाठवणाऱ्याने त्यांना मत दिले, त्याला आपला माणूस दिल्लीत काय बोलला हे त्याच्या भाषेत पूर्णपणे कधीच वाचायला मिळाले नाही. या विभागात खंडांशेजारी निदान महत्त्वाच्या चर्चांचा मराठी गोषवारा ठेवता आला, तर शाळा-महाविद्यालयांतील मुलेही तेथे येऊ लागतील. मी तशी सूचना लिहून दिली आहे, आणि अशा गोषवाऱ्यांची सुरुवात म्हणून घटनादुरुस्ती विधेयकावरील माझी टिपणे देण्याची तयारीही दाखवली आहे.

बाकीच्या उणिवा थोडक्यात. खिडकीजवळची तीन टेबले सोडली तर उजेड अपुरा आहे, आणि जुन्या खंडांचा बारीक टाइप वाचायला ज्येष्ठ वाचकांना त्रास होतो. भिंग जवळ ठेवावे. मोबाइलने छायाचित्रे घेण्यास मनाई आहे आणि झेरॉक्ससाठी खंड खालच्या मजल्यावर न्यावा लागतो, ज्यात पाठीची शिवण उसवण्याचा धोका आहे. माझ्या मते मनाई उलट असायला हवी, कारण उघडा खंड यंत्रावर दाबण्यापेक्षा त्याचे छायाचित्र घेतल्याने कागदाला कमी इजा होते. विभाग संध्याकाळी पाच वाजता बंद होतो, त्यामुळे नोकरी करणाऱ्याला शनिवारखेरीज येथे येणे अशक्य आहे. स्वच्छतेबद्दल तक्रार नाही. खंडांवरची धूळ नियमित झटकली जाते आणि कपाटांत वाळवीचा मागमूस नाही, हे मी प्रत्येक दालनात पाहिले.

ज्यांना एखाद्या खासदाराच्या कामाविषयी लिहायचे किंवा बोलायचे आहे, त्यांना मी हा विभाग, किंवा त्यांच्या जवळ असा जो विभाग असेल तो, मनापासून सुचवीन. जाण्यापूर्वी त्या सदस्याची लोकसभा कितवी, तो कोणत्या अधिवेशनांत होता आणि प्रश्नाशी निगडित घटना कोणत्या दिवशी घडली, एवढे कागदावर लिहून न्यावे. मतविभाजन झाले असल्यास बाजूने आणि विरोधात मत देणाऱ्यांच्या नावांची यादी अवश्य पाहावी, कारण भाषण एका बाजूचे आणि मत दुसऱ्या बाजूला अशी उदाहरणेही त्यात भेटू शकतात. ‘व्यत्यय’ हा कंसातला शब्द वगळून पुढे जाऊ नये. त्याच्या आधीचे वाक्य पुन्हा वाचावे.

माझे एक काम राहिले आहे. नाथ पैंचे निधन १८ जानेवारी १९७१ रोजी बेळगावात झाले. त्या दिवशी लोकसभा अस्तित्वातच नव्हती. ती तीन आठवड्यांपूर्वी विसर्जित झाली होती, आणि ज्या सभागृहात ते चौदा वर्षे बोलले त्याला त्यांच्यासाठी दोन मिनिटे उभे राहण्याकरिता नव्या निवडणुकीपर्यंत थांबणे भाग होते. पाचवी लोकसभा १९ मार्च १९७१ रोजी प्रथम भरली. त्या मालिकेचा पहिला खंड मी मागितला आहे, तो बांधणीहून परत आला आहे, आणि येत्या शनिवारसाठी बाईंनी तो माझ्या नावाची चिठ्ठी लावून खिडकीजवळच्या टेबलाशेजारी बाजूला ठेवला आहे.